हात न जोडता

टॅम्पिनीस, १४ जानेवारी २०१३

दादा,

'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिणार होते, मग आठवलं की त्यात हात जोडणं आलं. ते तुला चालायचं नाही. म्हणून नुसतंच 'दादा'.

तू माझा फोन कट करतोस म्हणून पत्र लिहितेय. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि तू पडलास मराठीचा मास्तर, हातात आलेला मजकूर वाचल्याशिवाय तुला राहवायचं नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढ हवं तर, पण वाच.

बातमी अशी की अण्णा माझ्याकडे आले आहेत. नाताळच्या सुट्टीत जावई म्हणून सुबोधच जाऊन त्यांना घेऊन आला. एवढ्या मोठ्या घरात एकटे किती दिवस काढणार होते? घराला कुलूप लावायच्या आधी त्यांनी तुझ्या खोलीची खिडकी दोनदा तपासली म्हणे. हे सुबोधनं मला सांगितलं, त्यांनी नाही.

मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे, हे आत्ताच सांगून टाकते. शाळेचा सुवर्णमहोत्सव काय, अण्णा तिथले जुने हेडमास्तर म्हणून स्टेजवर पाहुणे काय, सगळं गाव कसं नटूनथटून आलेलं! त्यांनीच बसवलेली प्रार्थना सुरू झाली, झाडून सगळे हात जोडून उभे, आणि शिक्षकांच्या पहिल्या रांगेत त्यांचा सख्खा मुलगा हात खाली सोडून. बरं, त्याच्या आधी प्रतिज्ञेला हात लांब करून सगळ्यात मोठा आवाज तुझाच होता! संध्याकाळी अण्णा म्हणाले, "प्रार्थनेला हात जोडशील त्या दिवशी या घरात पाऊल टाक." तू म्हणालास, "सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या शाळेत कुणाला देवापुढे हात जोडायला लावता येत नाही. आणि जे माझ्या मनात नाही ते मी हातांनी करणार नाही." दिवेलागणीला तू आणि सविता वहिनी दोन बॅगा उचलून भाड्याच्या खोल्यांत. मग शाळेनं तुझी वेतनश्रेणी अडवली, तू कोर्टात गेलास, आणि अण्णांनी तुझं नाव घेणंच सोडलं.

दोन वर्षं झाली याला. दोन हात जोडायला काय जात होतं रे तुझं?

इथलं विचारशील तर सुबोध सोमवारी पहाटे बँकेच्या कामाला जकार्ताला जातो तो गुरुवारी रात्री परत. जाई दुसरीत गेली. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. अण्णा पेपर वाचतात, तोच तो, सुबोधनं येताना आणलेला. दिवसभरात मी सगळ्यात जास्त बोलते ती लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मिसेस लिमशी, आणि ते काय, तर आज किती उकडतंय.

आज संक्रांत. तीळगूळ केला, हलवा कुठे मिळाला नाही. गोड बोल असं म्हणत नाही, नुसतं बोल.

तुझी,
संजीवनी

टॅम्पिनीस, २० फेब्रुवारी २०१३

दादा,

उत्तर नाही. नसू दे. वहिनीला फोन केला होता, ती म्हणाली, "वाचलं त्यांनी. घडी घालून परत पाकिटात ठेवलं." म्हणजे फाडलं नाहीस. तेवढ्यावर मी दुसरं लिहायला बसले आहे, बघ किती स्वस्त झालेय मी.

तुला एक गंमत सांगायची आहे आणि ती तुलाच सांगण्यासारखी आहे.

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. हॉलच्या खिडकीतून खाली जाईची शाळा दिसते, मैदान, झेंडा, सगळं. सकाळी साडेसातला मुलं रांगेत उभी राहतात. पहिल्याच दिवशी राष्ट्रगीताचे सूर वर आले तसे अण्णा चहा ठेवून ताठ उभे राहिले. मग मुलांनी उजवी मूठ छातीवर धरून प्रतिज्ञा सुरू केली. प्रतिज्ञा आहे हे कळल्यावर अण्णांचा हात आपसूक समोर गेला, आपल्या शाळेत जातो तसा, आणि समोर खिडकीचे गज, म्हणून गजांतून सरळ बाहेर. प्रतिज्ञा संपली. अण्णा हात जोडून प्रार्थनेची वाट बघत उभे, आणि मुलं आपली निघाली वर्गात.

"प्रार्थना विसरले काय गं हे?"

"इथे नसते, अण्णा."

"नसते म्हणजे? देवाचं नाव न घेता शाळा भरते?"

"भरते की. सुटतेसुद्धा वेळेवर."

माझ्याकडे असं बघितलं, की मीच बंद करायला लावली आहे.

तर हा कार्यक्रम रोजचा झाला. रोज खिडकी, रोज तो हात बाहेर. आणि परवा दारावर टाउन कौन्सिलचा माणूस! खालच्या मजल्यावरच्या बाईनं तक्रार केली होती की वरचा म्हातारा रोज सकाळी कबुतरांना पाव घालतो. इथे कबुतरांना खायला घालणं गुन्हा आहे, दंड होतो. माणूस भला होता बिचारा. खिडकीत वाकून बघितलं, एक चुरा सापडेल तर शपथ. "नो ब्रेड, अंकल?" अण्णांनी त्याच्यासमोर हात उघडून दाखवला आणि हेडमास्तरी इंग्रजीत म्हणाले, "आय वॉज टेकिंग द प्लेज." त्यानं खाली शाळेच्या मैदानाकडे बघितलं. मग म्हणाला, "ओह, प्लेज. व्हेरी गुड, अंकल. बट हॅन्ड इनसाइड, कॅन?"

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात नॅपकिन कोंबून हसले. आपण दोघं माजघरात जाऊन हसायचो ना, अण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून? हसून झालं आणि मग कुणाला सांगायचं तेच कळेना. सुबोध मीटिंगमध्ये होता. जाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बट व्हाय इज इट फनी?"

रविवारी अण्णांनी सुबोधला बसवून त्या प्रतिज्ञेचा अर्थ विचारून घेतला. वंश, भाषा, धर्म कोणताही असो, आम्ही एक, असं काहीसं आहे त्यात. अण्णा बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे धर्माचं नाव घेतात ते बाजूला ठेवायला." आवडलं की नाही, ते कळायला मार्ग नाही.

तू लगेच हुरळून जाऊ नकोस. याच देशात हा फ्लॅट भाड्यानं शोधताना निम्म्या जाहिरातींत 'नो इंडियन्स' असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. रोज सकाळी छातीवर मूठ ठेवून मोठी झालेली माणसंच लिहितात ना ते.

अण्णा आता हात गजांच्या आत ठेवतात.

संजीवनी

टॅम्पिनीस, ९ एप्रिल २०१३

दादा,

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. माझं मत विचारू नकोस, मला अजून ते नीट सुचलेलं नाही.

जाईला शाळेत सोडायला आज अण्णा गेले. परत न येता तिथेच फाटकापाशी थांबले, जवळून बघायला मिळावं म्हणून. मीही वरून बघत होते, पण एवढ्या वरून सगळी मुलं सारखीच दिसतात. दुपारी जाई घरी आली तर अण्णा दारातच. त्यांचा तो आवाज तुला माहीत आहे, पट्टी हातात नसतानाही असल्यासारखा.

"सगळी मुलं मूठ छातीवर धरून प्रतिज्ञा म्हणत होती. तू तोंड मिटून हात खाली सोडून का उभी होतीस?"

मला हे ठाऊकच नव्हतं रे! जाईनं आधी बूट काढले, जागेवर ठेवले, मग म्हणाली, "आय नॉट सिटिझन व्हॉट, आजोबा."

म्हणजे असं की ती प्रतिज्ञा इथल्या नागरिकांची. आम्ही अजून नागरिक नाही, तेव्हा जाईनं ती म्हटलीच पाहिजे असं काही नाही. तिच्या वर्गात अशी आणखी तीन-चार मुलं आहेत.

"आणि बाई रागावत नाहीत?"

"व्हाय मस्ट स्कोल्ड? टीचर सेड जस्ट स्टँड प्रॉपर्ली, कॅन ऑलरेडी." मग आजोबांना इंग्रजी कळलं नसेल असं वाटून तिनं चक्क मराठीत सांगितलं, "नीट उभं राहायचं. बडबड नाही करायची. बास."

अण्णा खिडकीपाशी जाऊन बसले. चहा केला, तो तसाच निवला. संध्याकाळी मी त्यांना बसनं ईस्ट कोस्टला घेऊन गेले, समुद्र बघितला की जरा खुलतात म्हणून. बाकावर बसलो. समोर जहाजंच जहाजं. सायकलवरून पोरं जात होती. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी प्रबोध सरळ उभा होता का गं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं.

मी म्हटलं, "तुमच्यासमोरच तर होता, अण्णा."

"मी नुसते हात बघितले."

मी होते तिथे, बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत. मी सांगितलं त्यांना की तू सावधानमध्ये उभा होतास, टाचा जुळवून. प्रार्थना संपेपर्यंत हललाही नाहीस. शेजारचे कुलकर्णी सर हात जोडून मागच्यांशी जेवणाच्या पंगतीचं बोलत होते, तू मात्र शेवटच्या शब्दापर्यंत गप्प उभा होतास. हे मी तेव्हाच बघितलं होतं. तेव्हा का बोलले नाही ते विचारू नकोस.

अण्णा "हं" म्हणाले. मग म्हणाले, "चल, वारा लागतोय." वारा कसला, पान हलत नव्हतं.

उद्या जाईचा वाढदिवस. एवढं तरी निमित्त घे.

संजीवनी

टॅम्पिनीस, १६ मे २०१३

दादा,

तुझं कार्ड पोचलं. मला नाही, जाईला! मामा भाचीला लिहिणार आणि मी पोस्टमनसारखं नुसतं पोचतं करणार. असो, पोचलं.

ती मला म्हणाली वाचून दाखव. मी हॉलमध्ये मुद्दाम मोठ्यानं वाचलं. "चि. जाई, वाढदिवसाचे अनेक आशीर्वाद. आई म्हणते तू सरळ उभी राहतेस. मग झालं. तुझा प्रबोधमामा." एवढंच. एवढ्याशा मजकुरासाठी सातासमुद्रापलीकडचं तिकीट लावलंस!

अण्णा पेपरच्या आड होते. वाचून झाल्यावर हात पुढे केला, कार्ड घेतलं, लांब धरून बघितलं. "अक्षर बिघडलंय त्याचं," म्हणाले. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग ते कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर कुंडीला टेकवून ठेवलं. अजून तिथेच आहे. सकाळी साडेसातला ते उभे राहतात तेव्हा त्यांच्या समोरच येतं.

दादा, मला एक ओळ लिहायला काय हरकत होती? मी वाट बघते रे. खाली पत्रपेटीपाशी रोज जाते, कंपन्यांची पत्रकं उचलते आणि परत येते.

संजीवनी

टॅम्पिनीस, २४ जून २०१३

दादा,

घाईत लिहितेय. इथे सगळीकडे धूर भरला आहे. इंडोनेशियात रानं पेटली आहेत, त्याचा. बातम्यांत पाहिलं असशील. समोरची बिल्डिंग दिसत नाही, खिडक्या बंद, घरातही मास्क. शाळेला सुट्टी आहे, म्हणून सकाळी खाली ना गाणं ना प्रतिज्ञा. धुरामुळे अण्णा झोपूनच असतात. बाकी ठीक. काळजीचं कारण नाही.

सुबोध या आठवड्यात जकार्ताला गेलेला नाही.

संजीवनी

टॅम्पिनीस, २१ जुलै २०१३

दादा,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. अण्णा धुरामुळे झोपून नव्हते. अकरा जूनला सकाळी आंघोळीहून येताना ते पॅसेजमध्ये कोसळले. अर्धांगाचा झटका. सतरा दिवस हॉस्पिटलात होते.

तुला कळवणार होते, वहिनीचा नंबरही लावला होता. अण्णांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. बोलणं तेव्हा फार जड होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. म्हणाले, "आजाराचं सांगून बोलवू नको." मी भांडले. रडले. नर्स आत येऊन बघून गेली. म्हणाले, "दयेनं आला तर काय उपयोग?" तुम्ही दोघं कुठल्या मातीचे आहात ते एक तुमच्या त्या देवालाच ठाऊक, आणि त्यातल्या एकाचा तर त्याच्यावर विश्वासही नाही! मी मधल्या मध्ये मेले.

आता बरे आहेत. बोलणं पुष्कळ सुधारलं आहे. काठी घेऊन चालतात. पण उजवा हात गेला. खांद्यापासून नुसता लोंबतो. डावा काठीत अडकलेला.

शाळा सुरू झाली पुन्हा. पहिल्या सोमवारी मी त्यांना खिडकीपाशी नेलं. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, हात कुठेच गेला नाही. खाली रांगेत जाई असेल तोंड मिटून, आणि वर हे. मग ते वळून देव्हाऱ्यासमोर आले. रोजचा रिवाज. काठी धरून उभे राहिले आणि मला एकदम कळलं की आता यांना हात जोडता येणार नाहीत. याआधी हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी पुढे होऊन त्यांचा उजवा हात उचलायला गेले, म्हटलं डाव्याला जुळवून देते.

"राहू दे," म्हणाले. "उभा आहे ना मी."

माझ्याच्यानं तिथे थांबवेना. मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासत बसले, घासलेलीच.

त्या दिवसानंतर दोन-तीन आठवडे घुमे होते. काल सुबोध घरी होता, जेवताना त्याला म्हणाले, "माझं तिकीट काढा." सुबोध म्हणाला, "अण्णा, घरी एकटे कसे राहाल?" तर म्हणतात, "घरी कोण चाललंय? प्रबोधकडे जायचंय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आणि तुमचा शब्द?"

त्यावर ते काय म्हणाले ते नीट वाच, दादा. म्हणाले, "त्यानं माझ्या घरात यायचं नाही, असं मी म्हणालो होतो. मी त्याच्या घरी जायचं नाही असं कुठे म्हणालो होतो?"

हॉस्पिटलच्या खाटेवर पडून हा माणूस एवढे दिवस यातून वाट शोधत होता! मी हसत सुटले, जाईही हसायला लागली काही न कळता, आणि अण्णासुद्धा हसले, तोंड एका बाजूनं वाकडं होतं तसंच. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि म्हणाले, "कोर्टात तो जिंको नाहीतर हरो. मला त्याच्याकडे नीट बघायचंय एकदा."

हे दयेचं नव्हे, दादा. दया तर त्यांनी येऊच दिली नाही. आता ते स्वतः येत आहेत, म्हणून मी आजाराचं लिहिते आहे. त्यांना सांगूनच लिहिते आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिली. सुबोध तीन ऑगस्टला त्यांना घेऊन निघतोय. मुंबईहून गाडी केली आहे, चार तारखेला दुपारपर्यंत तुझ्या दारात येतील. खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत ना, मग खाली एक खुर्ची ठेव, मध्ये बसायला लागेल. भात मऊ करायला वहिनीला सांग. जेवताना आपण होऊन भरवायला जाऊ नका, चिडतात. कुंडीला टेकवलेलं ते कार्ड त्यांनी बॅगेत वरच ठेवायला लावलं आहे.

आणि आता मुख्य. तू दार उघडशील तेव्हा ते नुसते उभे असतील. हात वर व्हायचा नाही. तुझ्या पाठीवर ठेवावा असं कितीही मनात आलं तरी ठेवता यायचा नाही. तू त्यांचा मुलगा, तूही तसाच ताठ उभा राहशील, आणि दोघं एकमेकांची वाट बघत उंबऱ्यात संध्याकाळ कराल. तसं करू नकोस. पाया पडू नकोस हवं तर, तुझ्या मनात नसलेलं काही करू नकोस. फक्त त्यांचा तो उजवा हात हातात घे. तिकडून त्यांना फारसं जाणवत नाही म्हणतात, पण दिसतं त्यांना.

मला येता येत नाही. जाईची शाळा आहे. सोमवारी सुबोध तिकडून परस्पर जकार्ताला जाईल. साडेसातला खाली गाणं सुरू होईल आणि खिडकीत मी असेन, सवयीनं चहाचे दोन कप घेऊन. तेव्हा कसं होईल, याचा विचार आत्तापासून करायचा नाही असं ठरवलं आहे, जमत मात्र नाही.

ते पोचले की मला फोन लाव. बोलू नकोस, तुला सुचणार नाही आणि मला ऐकवणार नाही. एकदा वाजू दे, तुझा नंबर मला दिसू दे. मग कट कर. या वेळी चालेल मला.

तुझी,
संजू